दुपारची अर्धी गोळी

वाचकहो, प्रारंभीच एक गोष्ट हात जोडून सांगून ठेवतो. पुढील कथेत खून नाही, प्रेमप्रकरण नाही, आणि ज्याला नाट्य म्हणतात ते तर औषधालाही सापडणार नाही. एका वयोवृद्ध कटर मास्तरांच्या मनाची एका सकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत जी घालमेल झाली, तिचे यथाशक्ती वर्णन करावे, एवढाच माझा हेतू आहे. व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाटली येते, किंवा रस्त्याकडेला लोळणारा कोणी तरुण येतो. परंतु इस्त्रीचा सदरा घालून, खिडकीपाशी बसून, पाण्याच्या एका घोटाबरोबर गिळले जाणारे व्यसनही जगात असते. त्याला व्यसन असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूनच त्यातून सोडवायलाही कोणी येत नाही.

त्या सकाळी मास्तर माडीवरच्या खोलीतून जिना उतरून खाली दुकानात आले, तेव्हा टाचणीने शिलाईयंत्र अजून सुरू केलेले नव्हते. टाचणी हा त्यांचा कित्येक वर्षांचा कारागीर. स्वतः पन्नाशी ओलांडलेला, पण अंगाने इतका किडकिडीत, की वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून तो खिशात कात्री ठेवतो, असे गिऱ्हाइके म्हणत. मास्तरांनी कापायचे आणि टाचणीने शिवायचे, हा त्या दुकानाचा आजवरचा संसार. आज मात्र टाचणी कापायच्या टेबलापाशी उभा होता आणि एका वकीलबाईंसाठी आदल्या दिवशी कापलेल्या कोटाच्या दोन बाह्या त्याने शेजारीशेजारी पसरून ठेवल्या होत्या.

"मास्तर, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार की."

"आपल्या वकीलबाईंना दोन्ही हात डावेच आहेत का हो?"

मास्तर मोकळेपणाने हसले, आणि हसून झाल्यावर त्यांनी खाली पाहिले. कापड लवदार होते, म्हणजे त्याला सुलट आणि उलट अशा दोन निराळ्या बाजू होत्या. ते जरा कमी पडत होते म्हणून दुहेरी घडी न घालता एकेरी पसरावे लागले होते. अशा वेळी एक बाही कापून झाली की कागदाचा फर्मा पालथा घालायचा असतो. न घातला तर दुसरी बाहीही त्याच हाताची निघते. ही गोष्ट मास्तरांना त्यांच्या उस्तादाने कान पिळून शिकवली होती, आणि तो कान आयुष्यभर त्यांच्या स्मरणात राहिला होता. समोर दोन बाह्या होत्या. दोन्हींचा बाक एकाच बाजूला होता, जणू दोन माणसे एकाच दिशेला तोंड फिरवून रुसून बसली होती. परंतु मास्तर हादरले ते या चुकीमुळे नव्हे. चूक कोणाच्या हातून होत नाही? त्यांना ही बाही कापल्याचे आठवतच नव्हते. कापड पसरल्याचे आठवत होते, खडूला टोक काढल्याचे आठवत होते, आणि त्यानंतर फळ्यावरून कोणी ओले फडके फिरवावे तशी ती सगळी दुपार स्वच्छ पुसली गेली होती. कात्री कोणी धरली होती? हात तर त्यांचेच होते. मग त्या वेळी ते स्वतः कुठे होते?

"माझ्याकडून झालं हे?" त्यांनी विचारले.

"आपल्याकडे दुसरं कोण कापतं?" टाचणी बाह्यांची घडी घालू लागला. "चूक माझीच झाली म्हणा. काल मला यायला उशीर झाला. एरवी मी बघतोच की, तुम्ही कात्री लावायच्या आधी. रेषा कुठं चुकली असली तर पुसून नीट करून ठेवतो."

"रोज?"

"हिवाळ्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमचं वय काय, माझं तोंड काय. शिवाय जेवणानंतर तुम्ही असे गार होता ना, मास्तर, की बोलून उपयोग नसतो. भिंतीला कान असतात म्हणतात, पण भिंत उत्तर देत नाही." मग आपण फार बोललो असे वाटून तो घाईघाईने म्हणाला, "असू द्या हो. उद्या दुकान बंद ठेवू. मी बाजार पालथा घालतो, तसंच कापड कुठंतरी मिळेल. नाहीतरी उद्या तुम्हाला काम जमणार नाही. बाळ येणार ना तुमच्याकडे?"

बाळ. मास्तरांनी टेबलाची कड धरली. त्यांची एकुलती एक लेक बाळंतपणाची रजा संपवून उद्यापासून कामावर जाणार होती, जावई परगावी नोकरीला होते, पाळणाघरात पुढच्या महिन्याशिवाय जागा नव्हती, आणि तोवर नातवाला दिवसभर आपण सांभाळू, असा शब्द मास्तरांनी मोठ्या हौसेने स्वतःहून दिलेला होता. जे हात आपल्या नकळत कापड कापतात, त्या हातांत उद्या एक जिवंत मूल येणार होते. कापड बाजारात दुसरे मिळते.

त्यानंतरचा सबंध दिवस मास्तर टेबलापाशी नुसते बसून होते, आणि त्यांचे मन मागे मागे जात होते. हे सुरू केव्हा झाले? त्यांची पत्नी शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा ते तिच्या उशाशी बसून राहत. तिच्या श्वासाला एक खरखर होती, बोथट कात्री जाड कापडातून जाताना होते तशी, आणि ती थांबली तर काय, या भीतीने त्यांना डोळा लावता येत नसे. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "तुम्ही आधी झोपा बघू, नाहीतर एका घरात दोन पेशंट होतील. पंधरा दिवस ही घ्या." इवलीशी पांढरी गोळी, मधोमध एक रेघ. मास्तरांना ती रेघ पाहून बरे वाटले होते. जिथे मोडायचे तिथे आधीच खूण केलेली वस्तू त्यांच्या धंद्याशी नाते सांगणारी होती. पहिल्या रात्री गोळीने त्यांच्या सुरकुतलेल्या डोक्यावरून गरम इस्त्री फिरवली. पुढे पत्नी गेली. लोक आले, बसले, गेले. पंधरवडा संपला, असे सांगायला मात्र कोणी आले नाही. जुने डॉक्टर थकले, त्यांच्या खुर्चीवर त्यांचा मुलगा बसू लागला, आणि तो मान वर न करता म्हणे, "तेच चालू ठेवू." अर्धीची एक झाली. एकदा जेवणानंतर घर फारच मोठे वाटू लागले, ताट एकच धुवायचे होते, नळाचा आवाज भांड्यात घुमत होता. त्या दिवशी त्यांनी दुपारची पहिली अर्धी घेतली. दुपारची ती अर्धी पुढे रोजची झाली आणि कधीकधी तिला जोडीदारीण मिळू लागली. कोपऱ्यावरचा औषधवाला कुरकुर करू लागला, "मास्तर, ही चिठ्ठी तुमच्याच वयाची झाली की," तेव्हा त्यांनी उलट्या दिशेच्या रस्त्यावर दुसरा औषधवाला धरला. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता. ज्या माणसाने उभ्या जन्मात विडीचा धूर अंगावर घेतला नाही, जो पिणाऱ्या शेजाऱ्याला भर चौकात चार शब्द सुनावत असे, तो माणूस औषध घेण्यासाठी रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहून दुकानात शिरू लागला होता.

सोडायचा प्रयत्न त्यांनी केला नव्हता असे नाही. गेल्या वर्षी एका सकाळी उसने अवसान आणून त्यांनी गोळ्यांचे पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी उजेड सुयांसारखा टोचू लागला. शेजारच्या खोलीतला चमचा पडला तरी छातीत धस्स होई. कातडीखालून मुंग्या चालू लागल्या. त्या मुंग्या नाहीत हे त्यांना कळत होते आणि तरी ते झटकत होते. अखेरीस ते त्या डब्यापाशी उकिडवे बसले आणि भाज्यांच्या सालींतून, ओल्या चहापत्तीतून बोटे फिरवीत राहिले. पाकीट हाती लागले तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो आठवला की अजूनही त्यांचे कान तापत. पत्नी गेली तेव्हा आपण रडलो, पण त्या दिवशी पाकीट सापडल्यावर अधिक मोकळेपणाने रडलो, हे कोणाला सांगायचे? आपलेच दात, आपलेच ओठ. नंतर एकदा दवाखान्यात बदलीवर आलेल्या एका डॉक्टरीणबाईने त्यांना विचारले होते, "आजोबा, किती वर्षं घेताय ही? एकदम सोडू नका हं, हळूहळू उतरवावी लागेल. घरच्या कोणाला तरी घेऊन या." घरच्या कोणाला तरी! मास्तर त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढले नाहीत.

त्या रात्रीही त्यांनी गोळी घेतली. हे लिहिताना मला खेद होतो, परंतु न लिहिणे खोटेपणाचे ठरेल.

सकाळी लेक आली ती वादळासारखी. एका कडेवर बाळ, दुसऱ्या खांद्यावर पिशवी, तोंडात केसांचा काटा. काटा केसांत खोवताच तिचे बोलणे सुरू झाले. "हे दूध, ही दुसरी बाटली, हे बदलायचे कपडे. दुपारचा झोपतो, नाही झोपला तर खांद्यावर घेऊन फिरवा. दिसेल ते तोंडात घालतो, तेवढं बघा. बाबा, आज पहिलाच दिवस आहे, आणि आमचा साहेब दारात घड्याळ घेऊनच उभा असतो."

"पोरी, जरा बस."

"बसायला वेळ कुठाय?"

"मी गोळी घेतो," मास्तर म्हणाले. सबंध पहाट त्यांनी हे वाक्य मनात शिवून उसवून पुन्हा शिवले होते.

"माहितेय की. घ्या ना. जेवणाआधी की नंतर?"

"तसं नव्हे. झोपेची. किती वर्षं झाली. आता मला ती…"

"बाबा, माझ्या सासूबाई घेतात. आमचा साहेब घेतो, म्हणून तर सकाळी खेकसतो. डॉक्टरांनीच दिलीय ना?"

"डॉक्टरांनीच, पण…"

"मग झालं तर!" तिने बाळ त्यांच्या हातांत दिले, आणि मग त्यांच्याकडे पाहून ती एकाएकी थांबली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "तुम्हाला त्याला सांभाळायचं नसेल तर तसं सांगा. मी रजा वाढवते, नोकरी सोडते, काय वाट्टेल ते करते. पण ऐन वेळी दुखणी काढू नका. गिऱ्हाइकांच्या कोटाला तुमचे हात आहेत, आणि नातवाला नाहीत?"

सत्य सांगून झाले होते, आणि ते इतके सामान्य निघाले होते, की त्याला बसायला कोणी खुर्चीही दिली नव्हती. लेक निम्मा जिना उतरून पुन्हा वर आली, बाळाचा पापा घेतला, "येते हं," असे मवाळपणे म्हणाली आणि गेली.

पुढचे काही तास, वाचकहो, सुखाचे होते, हे मी मुद्दाम नमूद करतो. बाळ वजनदार होते, जरा ओलसर, गरम. त्याने मास्तरांच्या गळ्यातली मापाची टेप ओढली, चोखली, तिचे टोक त्यांच्याच नाकात घातले. "अरे गड्या, माझीच मापं घेतोस?" मास्तर म्हणाले, आणि बाळ असे खदखदून हसले की जणू हा विनोद जगात प्रथमच झाला. त्याच्या मनगटाला दोरा बांधल्यासारखी वळी होती. मास्तर त्या वळीकडे पाहत राहिले. बाही इथवर आली पाहिजे, असे त्यांच्या मनात येऊन गेले, आणि त्यांना वाटले, आज घेतलीच नाही तर? एकच दुपार. एका दुपारीने काय आकाश कोसळते?

जेवण झाले. घर मोठे होऊ लागले. आधी जबड्यात ते आले, दातांवर दात घट्ट बसले. मग बोटांच्या टोकांना बारीक कंप सुटला. बाळाला उचलताना त्यांनी ते छातीशी आवश्यकतेहून अधिक आवळले आणि बाळ कुरकुरले. ही थरथर अशीच वाढली तर मूल हातून निसटेल. ती थांबवायची तर एकच उपाय होता, आणि तो केला की झोप. घेतली तरी आग, न घेतली तरी फुफाटा! त्यांनी बाळाला खाली दुकानात नेऊन सतरंजीवर बसवले आणि कपाटातली खडूची डबी काढली; गोळ्या ते तिच्यातच लपवीत. फक्त पाहायचे, असे त्यांनी ठरवले होते. रेघेवर अंगठ्याचे नख ठेवले, गोळी मोडली. एक अर्धी डबीत परत गेली. बाहेर कुठे तरी एक गाडी जोराने वाजली, बाळ दचकून रडू लागले, मास्तर वळले, खाली बसले, त्याला थोपटू लागले, आणि मग त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिले. तळहात रिकामा होता.

ते गुडघ्यांवर आले. सतरंजी उलटली. टेबलाखाली, शिलाईयंत्राच्या पायटीखाली, चिंध्यांच्या ढिगात हात फिरवला. खडूचे तुकडे, बटणे, पांढरे ते सगळे गोळीसारखे दिसत होते. बाळ आता रडायचे थांबून काही तरी चघळत होते. मास्तर त्याच्याकडे झेपावले. त्यांनी त्याच्या तोंडात बोट घातले. हिरड्यांनी बोट कचकन दाबले. दोऱ्याचा गुंता निघाला. पुन्हा बोट घातले, जिभेखाली, गालांच्या आत. काही नव्हते. त्यांनी घाम पुसला, ओठ चाटले, आणि तेव्हा त्यांना कळले. त्यांच्या स्वतःच्या जिभेवर कडवट चुरा होता. गोळी त्यांनी घेतली होती. केव्हा, कशी, हे त्यांना ठाऊक नव्हते. हाताने तोंडाला दिली होती आणि तोंडाने विचारले नव्हते.

आता थोडा अवकाश होता. झोप वाटेला लागली होती. टाचणी बाजारात गेला होता, शेजारच्या दुकानांची दारे दुपारची बंद होती. मास्तरांनी बाळाला चादरीच्या झोळीत घालून छातीशी गाठ मारली, आणि तसेच रस्त्यावर आले. ते भिंतीला खांदा घासत चालले होते, म्हणजे पडलो तर भिंतीवर पडू. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने हाक दिली, "मास्तर, हे कुठलं नवं गिऱ्हाईक? मापं घेतली का?" क्षणभर त्यांना वाटले, याच्याजवळच द्यावे. परंतु त्या दुकानातून त्यांनी आजवर केवळ नेलेच होते; आपले काही तिथे ठेवायला त्यांचे मन घेईना. आवाजांच्या कडा मऊ होऊ लागल्या होत्या. ती ओळखीची ऊब मानेमागून वर चढत होती. रोज तिची वाट पाहणारा हा माणूस आज तिच्यापुढे पळत होता, आणि तिचे पाय तरुण होते.

पाणीपट्टी भरण्याच्या कचेरीत लेकीच्या खिडकीपुढे लांब रांग होती. मास्तर सरळ पुढे जाऊ लागले.

"ओ आजोबा, रांग दिसत नाही?"

"मला याच खिडकीवर जायचंय."

"का, इथं काय सोनं वाटतायत?"

"इथं माझी मुलगी बसते."

"मग घरी भेटा की तिला!"

"जाऊ द्या हो," मागून एक बाई म्हणाली, "लेकरू आहे जवळ."

खिडकीच्या काचेआड लेक मान खाली घालून शिक्के मारीत होती. "बिल द्या," ती म्हणाली. बिल आले नाही म्हणून तिने वर पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"बाबा! काय झालं त्याला?"

"त्याला काही झालं नाही," मास्तर म्हणाले. त्यांना एकेक शब्द ढकलावा लागत होता. "मला झोप येतेय."

रांगेत हशा पिकला. "घ्या! झोप आली म्हणून कचेरीत आले. आम्हाला तर इथं आल्यावर येते!" आतून साहेबाचा आवाज आला, "काय गोंधळ आहे तिकडे?" परंतु लेक हसली नाही की ओशाळली नाही. ती काचेला नाक लावून बापाचे डोळे पाहत होती, अर्धे मिटलेले, दूर गेलेले. आणि सकाळी घाईत ऐकलेले वाक्य तिला आता ऐकू येत असावे.

"बाहेर ये, पोरी. लवकर ये. माझे हात सुटतायत."

ती बाजूच्या दाराने धावत आली. गाठ सुटेना तेव्हा तिने झोळी मानेवरून ओढून काढली, बाळाला कवटाळले, त्याचे डोके, हात, पाय चाचपले. मास्तर मागच्या बाकावर टेकले. ओझे उतरल्याबरोबर त्यांचे अंग सैल पडू लागले. साहेब दारात आला होता, रांगेतली माणसे माना वळवून पाहत होती.

"बाबा, दिवसाला किती घेता?" तिने विचारले. आवाज खाली आणायचे तिला सुचले नाही.

"मोजत नाही," मास्तर म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी बसली. "मॅडम, खिडकी," साहेब म्हणाला. "लोक खोळंबलेत. पहिल्याच दिवशी हे काय?"

"बंद ठेवा साहेब," ती म्हणाली, आणि मोकळ्या हाताने तिने मास्तरांची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली. "बाबा, झोपायचं नाही. माझ्याकडे बघा. सकाळी सांगत होता ना? आता सांगा. पहिल्यापासून सांगा."

मास्तरांना तिचा चेहरा पाण्याखालून पाहावा तसा दिसत होता. सारे अंग त्यांना खाली बोलावीत होते, आणि किती वर्षांत प्रथमच त्यांना तिकडे जायचे नव्हते. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली, जड जीभ हलवली.

"तुझी आई तेव्हा होती," ते म्हणाले.

वाचकहो, येथे मी थांबतो. पुढचे त्या दोघांनी बोलायचे आहे, आणि ते दीर्घ आहे. एका थकलेल्या माणसाच्या संगतीत आपण इतका वेळ शांतपणे बसलात, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. माझ्या भाषेत काही उणे-अधिक झाले असेल तर ते पोटात घालावे. आपल्या घरी अशी एखादी डबी असेल तर ती हिसकावून घेऊ नये. आधी विचारावे, आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला बसावे, एवढीच विनंती.

आपला नम्र,
निवृत्ती बाळाजी दहिवले